पाठीला पाऊण इंच जादा: बैठ्या कामानं आलेलं पोक कसं कमी करायचं

गणपतीच्या आधी शर्ट शिवायला टाकायचा, हा आमच्या घरचा रिवाज. दोन वर्षांपूर्वी शिंप्यानं माप घेताना टेप मानेपासून कंबरेपर्यंत दोनदा लावली आणि म्हणाला, "दिवाणजी, पाठीला पाऊण इंच जादा धरावं लागतंय बघा. न्हाईतर शर्ट मागनं वर चढतोय." अठरा वर्षं तोच माझे शर्ट शिवतो. त्याच्या वहीत माझी जुनी मापं होती. बाह्या तेवढ्याच, कॉलर तेवढीच, पाठ मात्र लांबलेली. पन्नाशी उलटल्यावर माणूस उंच होत नाही. माझी पाठ गोल झाली होती, आणि घरातल्या कुणाच्या, माझ्या स्वतःच्याही, ते ध्यानात आलं नव्हतं.

मी सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीच्या एका पेढीवर दिवाणजी आहे. १९९७ साली लागलो तेव्हा गादीवर मांडी घालून, पुढ्यात उतरतं मेज घेऊन खतावणी लिहायचो. शेतकरी आला की उठायचं, सौद्याला जायचं, तोलाईवर उभं राहायचं, परत येऊन बसायचं. मग संगणक आला. १ जुलै २०१७ ला जीएसटी लागू झाला आणि उरलासुरला हिशेबही पडद्यावर गेला. सकाळी दहाला खुर्चीत बसायचो, जेवायला एकदा उठायचो, मग थेट संध्याकाळी सातला.

मी डॉक्टर नाही. मिरजेच्या एका फिजिओथेरपिस्ट बाईंकडे सहा वेळा गेलो, त्यांनी शिकवलेलं दोन वर्षं करतोय, तेवढंच इथे लिहितो आहे. पुतणी पुण्याच्या कंपनीचं काम इथे सांगलीत, विश्रामबागेतल्या घरी बसून करते. सव्विसाव्या वर्षी तिची मान धरायला लागली. तिला सांगता सांगता वाटलं, नीट लिहूनच काढावं.

आधी भिंत, मग जमीन

चपला काढून भिंतीला पाठ लावून उभे राहा. टाचा भिंतीपासून चार बोटं पुढे. कुल्ले आणि खांद्याचे फरे टेकवा, नजर समोर. डोकं मुद्दाम टेकवायला जाऊ नका. आता घरातल्या कुणाला तरी भिंत आणि डोक्याची मागची बाजू यांच्यामध्ये बोटं घालून बघायला सांगा. माझ्या डोक्यामागे चार बोटं सहज गेली. हनुवटी वर उचलली की डोकं भिंतीला लागतं, पण तसं लागणं मोजायचं नाही. हा आकडा तारखेसह लिहून ठेवा, पुढे उपयोगी पडतो.

मग सतरंजी टाकून, उशी न घेता उताणे पडा. दोन मिनिटांत पाठ सैल होऊन जमिनीला टेकली आणि हनुवटी छताकडे न जाता डोकंही टेकलं, तर पोक सवयीचं आहे. ते कमी होऊ शकतं. आडवं पडूनही पाठीचा बाक तसाच कडक राहिला, तर गोष्ट वेगळी. वाढत्या वयातल्या मुलांत कधीकधी मणकेच पाचरीसारखे वाढतात. पाळी गेलेल्या बायकांत हाडं ठिसूळ होऊन मणका दबतो आणि पाठ वाकते, पुष्कळदा फारसं न दुखताही. अशांनी आधी डॉक्टरांना दाखवावं, एक्सरे काढावा, आणि पुढचे व्यायाम त्यांना विचारूनच करावेत.

"ताठ बस" म्हणून का भागत नाही

माझी आईही म्हणायची, ताठ बस. मी छाती काढून ताठ बसायचो आणि पाच मिनिटांत पुन्हा पुढे झुकायचो. मिरजेच्या बाईंनी कारण सांगितलं ते मला फार पटलं. वर्षानुवर्षं पुढे झुकून बसलं की छातीचे स्नायू आखडतात आणि दोन फऱ्यांमधले ताणून ताणून कमजोर होतात. जांघेतले स्नायू बसून बसून आखूड होतात, कुल्ल्यांचे काम नसल्यानं ढिले पडतात. मान पुढे निघते, आणि पडदा दिसावा म्हणून तीच मान मागे मोडावी लागते. अशा शरीराला नुसतं "ताठ हो" म्हटलं तर ते आखडलेल्या स्नायूंशी झगडतं, दमतं आणि सोडून देतं.

माणसाचं डोकं साधारण साडेचार-पाच किलोचं. न्यूयॉर्कचे मणक्याचे सर्जन केनेथ हंसराज यांनी २०१४ साली गणितानं मांडून दाखवलं, की मान साठ अंश खाली घातली तर मानेच्या मणक्यांवर साधारण २७ किलोंचा भार येतो. हा हिशेब प्रतिकृतीवर केलेला आहे, जिवंत माणसाच्या मानेत काटा लावून नाही. तरी पन्नास किलोच्या पोत्याच्या निम्म्याहून जास्त वजन मोबाइल बघताना मानेवर घेतोय हे कळल्यापासून मी मोबाइल छातीशी उचलून धरतो, दुसऱ्या हातानं कोपराला टेकू देतो.

आणखी एक. पोक असलेल्या प्रत्येकाचं दुखतंच असं नाही, आणि अगदी सरळ बसणाऱ्याचीही पाठ धरते. एकाच ठेवणीत तास न् तास राहणं हे खरं दुखणं आहे. म्हणून ताठ बसण्याच्या हट्टापेक्षा बैठक बदलत राहण्यावर माझा भर आहे.

बसायची जागा

इथे मी सगळ्यात जास्त वेळ घालवला आणि फरकही इथेच पहिला जाणवला. त्यासाठी नवी खुर्ची घ्यावी लागली नाही.

सुरुवात पायांपासून करा. तळवे पूर्ण टेकले पाहिजेत. माझी खुर्ची उंच होती, पाय लोंबायचे, म्हणून मी कडेवर पुढे सरकून बसायचो आणि पाठ सुटी पडायची. घरून एक जुना पाट नेला आणि पायाखाली ठेवला. गुडघे साधारण काटकोनात, कुल्ले गुडघ्यांच्या रेषेत किंवा थोडे वर. मग कुल्ले खुर्चीच्या पाठीला भिडेपर्यंत मागे सरका. कंबरेच्या खोलगट भागात आधार लागतो. मी सोलापुरी चादरीची मनगटापेक्षा थोडी जाड गुंडाळी करून सुतळीनं खुर्चीला बांधली आहे. गुंडाळी पट्ट्याच्या जरा वर यायला हवी, खाली गेली तर उलट पुढे ढकलते. मागच्या खिशातलं पाकीट आणि किल्ल्यांचा जुडगा काढून गल्ल्यात ठेवा. जाड पाकिटावर बसलं की कंबर एका अंगाला कलते.

पडद्याची वरची कड डोळ्यांच्या रेषेत किंवा किंचित खाली, अंतर हात लांब केल्यावर बोटं लागतील एवढं. आमच्या पेढीवर संगणक आल्यावर कोऱ्याच राहिलेल्या जाड खतावण्या होत्या, त्यातल्या चार मॉनिटरखाली घातल्या. लॅपटॉपवाल्यांची अडचण अशी, की पडदा उचलला तर हात वर जातात. पुतणीला मी वेगळा कीबोर्ड आणि माऊस घ्यायला लावला आणि लॅपटॉप डब्यांवर चढवला. काही शेकड्यांचा खर्च आहे, पण घरून काम करणाऱ्यानं सगळ्यात आधी हाच करावा. कोपरं अंगाजवळ, टेबलाच्या उंचीला. माऊस लांब ठेवला की एकच खांदा दिवसभर पुढे ओढला जातो.

लिहिण्या-वाचण्यासाठी मी माळ्यावरून जुनं उतरतं मेज खाली काढलं. सपाट टेबलावरच्या कागदासाठी मान जेवढी खाली घालावी लागते, तेवढी उतारावर लागत नाही, कारण कागदच डोळ्यांकडे येतो. गादीवरच्या जुन्या दिवाणजींच्या माना वाकायच्या नाहीत असं मी म्हणणार नाही, वाकायच्या. पण ते मेज करणाऱ्या सुताराला काहीतरी ठाऊक होतं. तसं मेज नसेल तर जाड पुठ्ठा किंवा परीक्षेचं पॅड मागून चार-पाच पुस्तकांवर टेकवा. अभ्यास करणाऱ्या मुलांना हे जरूर करून द्या.

आता चष्मा. याबद्दल कुणी बोलत नाही म्हणून मुद्दाम सांगतो. माझा चष्मा दोन नंबरांचा, वाचायचा भाग खाली. पडदा दिसावा म्हणून मी नकळत हनुवटी वर करून, मान पुढे काढून त्या खालच्या काचेतून बघायचो. बाकी सगळं सुधारलं तरी मान दुखत होती ती यामुळे. डोळ्यांच्या डॉक्टरांना पडद्याचं अंतर मोजून सांगितलं, त्यांनी तेवढ्या अंतराचा वेगळा चष्मा दिला. पंधरा दिवसांत मानेचा ताण उतरला. चाळिशीनंतर मान दुखत असेल तर एकदा नंबर तपासाच. दोन नंबरांचाच चष्मा ठेवायचा असेल तर पडदा चार-पाच बोटं खाली घ्या.

उठायला कारण ठेवा

अर्ध्या तासातून एकदा उठायचं. घड्याळाचा गजर मी आठ दिवस लावला आणि नवव्या दिवशी बंद केला, कारण कामात असताना तो नकोसा होतो. मग कामातच उठणं पेरलं. प्रिंटर टेबलावरून उचलून पेढीच्या दुसऱ्या टोकाला ठेवला, आता शेतकऱ्याच्या हिशेबाची पट्टी काढली की चालत जाऊन आणावी लागते. भाव विचारणारे फोन दिवसात पंचवीस-तीस येतात, ते सगळे उभ्यानं घेतो. पाण्याची मोठी बाटली बंद केली, लहान तांब्या ठेवला. तो संपला की माठापर्यंत जायचं. उठल्यावर दोन्ही हात वर करून एक लांब श्वास आणि कंबर मागे एकदा कलवायची, तळहात कमरेवर ठेवून. अर्धं मिनिटही लागत नाही.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या शिफारशींत प्रौढांना आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम श्रमाची हालचाल, आठवड्यातून किमान दोन दिवस स्नायू बळकट करणारा व्यायाम आणि बसणं कमी, असं सांगितलं आहे. मी आठवड्यातून तीनदा गावभागातून हरिपूरला संगमेश्वरापर्यंत चालत जातो आणि येतो. कृष्णा-वारणेच्या संगमावर पाच मिनिटं थांबतो. हात मोकळे सोडून, लांबवर बघत चालायचं. मोबाइल बघत चाललात तर ती पेढीवरचीच बैठक झाली.

आखडलेलं सोडवणं, ढिलं बळकट करणं

रोज पंधरा मिनिटं. माझी वेळ पहाटे आंघोळीआधी.

हनुवटी आत घेणं हा सगळ्यात महत्त्वाचा आणि सगळ्यात जास्त चुकणारा. नजर समोर ठेवून हनुवटी सरळ मागे न्यायची, गल्ल्याचा खण आत सरकतो तशी. वर नाही, खाली नाही. गळ्याखाली दुहेरी हनुवटी दिसली आणि मानेच्या मागे वरच्या बाजूला हलका ताण आला की बरोबर. पाच आकडे मोजा, सोडा. दहा वेळा, दिवसातून तीनदा. पहिल्या आठवड्यात मी मान खाली घालत होतो. बाईंनी मला भिंतीला उभं करून, डोक्यामागे घडी केलेला पंचा ठेवून तो हलकेच दाबायला लावला, तेव्हा जमलं. तुम्हीही तसंच शिका.

दुसरा चादरीचा. तीच सोलापुरी चादर घट्ट गुंडाळा, जमिनीवर आडवी ठेवा आणि फऱ्यांच्या खालच्या टोकाशी येईल अशी तिच्यावर उताणे पडा. गुडघे वाकवलेले, दोन्ही तळहात डोक्याखाली. कुल्ले जमिनीवरच. श्वास सोडताना पाठ गुंडाळीवरून मागे कलू द्या. मिनिटभर थांबून गुंडाळी दोन बोटं वर सरकवा, पुन्हा मिनिटभर. बाक पाठीच्या वरच्या भागात पडला पाहिजे. कंबरेत चाप बसत असेल तर गुंडाळी फार खाली आहे. हाडं ठिसूळ असलेल्यांनी हा करू नये. मला या व्यायामानं पहिल्याच दिवशी छाती भरून श्वास घेतल्यासारखं वाटलं होतं.

छातीसाठी दाराची चौकट. दोन्ही हात कोपरातून वाकवून, कोपरं खांद्याच्या उंचीला, पुढचे हात चौकटीला टेकवायचे आणि एक पाऊल पुढे टाकायचं. तीस सेकंद, तीन वेळा. खांद्याच्या सांध्यात टोचलं तर कोपरं खाली घ्या.

सायकलची जुनी ट्यूब पंक्चरवाल्याकडे मागितली तर मिळते. कापून, धुऊन खिडकीच्या गजातून ओवा, दोन टोकं दोन हातांत. कोपरं बरगड्यांना घासत मागे ओढा, फरे एकमेकांकडे आणि थोडे खाली जातील असे. खांदे कानाकडे चढू देऊ नका, बहुतेकांचे चढतात. बारा वेळा, मध्ये थांबून तीन फेऱ्या, एक दिवसाआड. ताणण्याचे व्यायाम करून बरं वाटतं आणि इथे कंटाळा येतो, म्हणून लोक हा गाळतात. माझा अनुभव असा, की ट्यूब ओढायला लागल्यावरच खांदे मागे राहायला लागले. त्याआधी मी बाजारातला पाठ ओढून धरणारा पट्टाही तीन महिने वापरला होता. पट्टा असेतो खांदे मागे, काढला की पुढे. माझं काम तो करत होता, माझे स्नायू नाही.

जांघेसाठी एक गुडघा घडी केलेल्या पोत्यावर टेकवा, दुसरा पाय पुढे. टेकलेल्या बाजूचा कुल्ला आवळा आणि माकडहाड आत घ्या. एवढ्यानंच मांडीच्या वर ताण येतो, पुढे झेपावायची गरज नाही. तीस सेकंद, दोन्ही पाय. शेवटी उताणं पडून, गुडघे वाकवून, कुल्ले वर उचलायचे, बारा वेळा.

माझे आजोबा आटपाडीचे, म्हणजे तेव्हाच्या औंध संस्थानातले. औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी सूर्यनमस्काराचा प्रसार आयुष्यभर केला, संस्थानच्या शाळांमधून पोरं नमस्कार घालायची. आजोबा म्हातारपणीही सरळ चालायचे, म्हणून मीही एकदम बारा नमस्कार घातले आणि तिसऱ्या दिवशी कंबरेत उसण भरली. बाईंचं म्हणणं असं, की नमस्कार चांगलेच आहेत. भुजंगासनात छाती उघडते, ती आपल्याला हवीच आहे. पण बसून बसून मांड्यांच्या मागचे स्नायू आखडलेले असतात, तेव्हा पुढे वाकताना गुडघे सैल ठेवायचे, हात जमिनीला लावायचा हट्ट नाही, आणि दोन नमस्कारांपासून हळूहळू वाढवायचं. आता सहा घालतो.

फरक कधी दिसतो? मानेचं दुखणं मला तीन आठवड्यांत कमी झालं. डोक्यामागची चार बोटं दोनवर यायला पाच महिने लागले आणि ती आज दोनच आहेत. शिंप्यानं गेल्या वेळी पाव इंच जादा धरलं. या वयात पाठ पंचविशीसारखी होईल अशी माझी अपेक्षा नाही, पुतणीची मात्र पूर्ण होईल असं बाई सांगतात. झोपताना दोनऐवजी एक पातळ उशी घेतो, तेही यातच धरा.

इशारा आणि धोका

सांगलीकराला पुराची पातळी समजते. कृष्णेवरच्या आयर्विन पुलाशी ४० फुटांना इशारा, ४५ ला धोका. २०१९ च्या ऑगस्टात पाणी ५७ फुटांच्या वर गेलं, तेव्हा ४० लाच सामान हलवलेल्यांचं वाचलं. पाठीचंही मी तसंच धरतो. दोन-तीन आठवडे करूनही न हटणारं दुखणं, सकाळी अर्ध्या तासाहून जास्त राहणारा ताठरपणा, हाताला किंवा पायाला अधूनमधून मुंग्या, हा इशारा. व्यायाम थांबवा, त्या आठवड्यातच डॉक्टरांकडे जा. शर्टाची बटणं लावता न येणं, हातातून वस्तू पडणं, चालताना तोल जाणं, पायातली ताकद जाणं, मांड्यांमधला भाग बधिर होणं, लघवी-शौचावरचा ताबा सुटणं, हा धोका. त्याच दिवशी दवाखाना. पडल्यानंतर सुरू झालेलं दुखणं, रात्री झोपेतून उठवणारं दुखणं, दुखण्याबरोबर ताप किंवा घटतं वजन, यांतलं काहीही घरी अंगावर काढू नका.

मार्च-एप्रिलमध्ये नवी हळद येते, सौद्यांची गर्दी असते. रात्री नऊ-नऊ वाजतात, आणि अशा दिवसांत पंधरा मिनिटं मिळत नाहीत हे मला माहीत आहे. तेव्हा तीनच गोष्टी सोडत नाही. फोन उभ्यानं, पट्टी आणायला स्वतः जाणं, आणि पेढी बंद करताना दाराच्या चौकटीत तीस सेकंद. चौकटीतून बाहेर पडायचंच असतं, जाता जाता होऊन जातं.